नवा टीव्ही, जुना अँप्लिफायर

पवईत नवा टीव्ही घरी आला की त्याच्यामागोमाग कंपनीचा माणूस येतो. भिंतीला ब्रॅकेट ठोकतो, सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल लावतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो आणि पुढच्या घरी निघून जातो. शोकेसमधला डेक, खिडकीशेजारचे दोन उंच स्पीकर, माळ्यावरचा व्हीसीआर आणि लग्न-मुंजींच्या कॅसेटींचा खोका यांचे काय करायचे, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. आयआयटीच्या जुन्या क्वार्टर्स असोत, हिरानंदानीतले टॉवर असोत की चैतन्यनगरातली बैठी घरे, प्रश्न सगळीकडे एकच. आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर भंगारवाला देतो.

ते उत्तर चुकीचे आहे असे मला ठामपणे वाटते, पण सगळ्याच सामानाच्या बाबतीत नाही. आवाजाचे सामान आणि चित्राचे सामान यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. जुना अँप्लिफायर आणि स्पीकर नव्या टीव्हीला जोडणे सोपे आहे, स्वस्त आहे आणि त्याचा फायदा रोज होतो. जुना व्हीसीआर जोडता येतो, पण तो रोज वापरायला म्हणून जोडण्यात अर्थ नाही. त्याच्यातले चित्र एकदा संगणकात उतरवून घ्यावे आणि त्याला सुट्टी द्यावी.

मुळात ही अडचण का आली? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा टीव्हीत शिरायला वाट एकच होती, अँटेनाची. गच्चीवरून पट्टीची वायर खाली येई आणि मागच्या दोन स्क्रूंना आवळली जाई. १९८२ साली रंग आले, पाठोपाठ व्हीसीआर आला, तोही त्याच अँटेनाच्या वाटेने जोडला जाई. पुढे अंधेरीत मुख्यालय असलेला ओनिडा आणि औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेला व्हिडिओकॉन घराघरांत पोचले आणि त्यांच्या पाठीवर पिवळे, पांढरे, लाल असे तीन सॉकेट दिसू लागले. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, लालमधून उजवा. व्हीसीडी, डीव्हीडी, व्हिडिओ गेम, हँडीकॅम सगळे या तीन पिनांवर चालले. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईतली केबल पूर्ण डिजिटल झाली आणि प्रत्येक टीव्हीपुढे डबा आला. हा डबासुद्धा जुन्या टीव्हीला याच तीन पिनांनी जोडला गेला.

एचडीएमआयचे पहिले मानक २००२ सालचे. एका केबलीत चित्र आणि आवाज दोन्ही, शिवाय नक्कल रोखणारे कुलूपही. ते कुलूप चित्रपट कंपन्यांना हवेच होते. ब्लू-रेच्या परवान्यात तर २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरला जुन्या पद्धतीचे चित्राचे सॉकेटच ठेवू नयेत अशी अट आली. टीव्हीही पातळ होत गेले आणि रुंद सॉकेटना जागा उरली नाही. आजच्या टीव्हीच्या पाठीवर साधारणपणे दोन-तीन एचडीएमआय, यूएसबी, अँटेनाचे एक सॉकेट आणि आवाजासाठी एक लहान चौकोनी ऑप्टिकल सॉकेट असते. नशीब असेल तर हेडफोनच्या आकाराचे, ‘एव्ही इन’ असे लिहिलेले भोकही असते.

आता आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर बोटाच्या रुंदीचे आणि तोंड खाली किंवा मागे करून बसवलेले असतात. तबल्याचा बायाँ त्यातून ऐकू येत नाही. नाटकातले संवाद पुसट होतात आणि घरातली वयस्कर माणसे आवाज वाढवत राहतात. शोकेसमधल्या लाकडी पेटीत मात्र सहा-आठ इंची वूफर असतो. हवा हलवायला जागा लागते आणि ती लाकडी पेटीत आहे, काचेमागे नाही. नवा साउंडबार घेण्याआधी जुने स्पीकर ऐकून पाहावेत, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

टीव्हीतून आवाज बाहेर काढायच्या वाटा तीन. पहिली ऑप्टिकल. १९८३ साली तोशिबाने आणलेली ही केबल, म्हणून तिला टॉसलिंकही म्हणतात. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. जुन्या अँप्लिफायरला हा प्रकाश कळत नाही, म्हणून मध्ये एक लहान डबी लागते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत ‘ऑप्टिकल टू आरसीए’ म्हटले की ती पुढ्यात येते. काही शे रुपयांपासून मिळते आणि टीव्हीच्या यूएसबीवर चालते. तिच्या लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये लावायच्या. ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये नाही. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असते, तिचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा. टीव्हीचा आवाज त्याच्या शेकडो पट जोरकस असतो. तो फोनोत घातला तर फाटका, भसाडा आवाज येतो आणि लोक अँप्लिफायर बिघडला समजतात.

सगळे लावले आणि तरी आवाज नाही, अशी तक्रार सर्रास येते. आधी केबलीची टोके पाहावीत. नव्या ऑप्टिकल केबलीच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते, ती पुष्कळदा काढायचीच राहते. टोपी काढून एक टोक टीव्हीत लावले की दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसायला हवा. तो दिसतो आणि तरी आवाज नाही किंवा नुसती खरखर आहे, म्हणजे टीव्ही डॉल्बीच्या बांधणीत आवाज पाठवतो आहे आणि स्वस्तातल्या डबीला ती गाठ सोडवता येत नाही. रिमोट घ्यावा, सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात ‘डिजिटल ऑडिओ आउट’ आणि तिथे ‘पीसीएम’ निवडावे. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी वाट हेडफोनच्या सॉकेटची. जाणकार तिच्याकडे नाक मुरडतात, कारण मोजमापात ती ऑप्टिकलच्या मागे पडते. पण घरात आजी-आजोबा असतील तर मी हीच वाट सुचवेन. ऑप्टिकलमधून निघणारा आवाज बहुतेक टीव्हींत एकाच पातळीवर असतो. कमी-जास्त करायचे तर उठून अँप्लिफायरचे बटण फिरवावे लागते आणि १९९० च्या आसपासच्या कित्येक अँप्लिफायरना रिमोटच नसतो. हेडफोनमधून निघणारा आवाज टीव्हीच्या रिमोटने बदलतो. अँप्लिफायरचे बटण एकदा ठरावीक जागी ठेवले की पुढे एकाच रिमोटवर काम भागते. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी अशी लीड, एवढेच लागते.

तिसरी वाट एआरसी. ‘एआरसी’ असे छापलेल्या एका ठरावीक एचडीएमआय सॉकेटमधून आवाज उलटा बाहेर येतो. हे तंत्र २००९ सालचे, त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या होम थिएटरला उपयोगी, त्याआधीच्याला नाही. चालू होण्यासाठी मेन्यूमधले सीईसी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा द्यायची सोय, सुरू लागते, आणि प्रत्येक कंपनीने त्याचे नाव वेगळे ठेवले आहे: सोनीचे ब्राव्हिया सिंक, सॅमसंगचे एनीनेट प्लस, एलजीचे सिंपलिंक. ब्लूटूथची सोयही आहे, वायर नको असणाऱ्यांना ती मोहवते. पण त्यात आवाज किंचित मागे पडतो आणि बातम्या देणाऱ्याचे ओठ आधी हलतात. गाण्यांना चालेल, संवादांना नाही.

ऐंशीच्या दशकातल्या काही फिलिप्स किंवा भारतीय बनावटीच्या अँप्लिफायरना लाल-पांढरे सॉकेटच नसतात. गोल, पाच भोकांचे डिन सॉकेट असते. त्याला घाबरण्याचे कारण नाही. आवाज आत घ्यायच्या पिना ३ आणि ५, मधली २ नंबरची ग्राउंड. तयार अ‍ॅडॉप्टर मिळतो, नाहीतर सोल्डरिंगचे काम करणारा कोणीही पंधरा मिनिटांत लीड बनवून देईल.

जोडणी झाली आणि स्पीकरमधून सतत घूं घूं येऊ लागली, तर मात्र थांबून विचार करावा. हे दुखणे मुंबईच्या केबल जोडणीशी बांधलेले आहे. केबलवाल्याची वायर इमारतीतून इमारतीत फिरत येते आणि तिच्या बाहेरच्या जाळीला कुठे, किती अर्थिंग मिळाले आहे याचा भरवसा नसतो. ती डब्याला लागते, डबा टीव्हीला, टीव्ही अँप्लिफायरला. असा विजेचा वळसा तयार झाला की मेनचे ५० हर्ट्‌झ स्पीकरमध्ये गुणगुणू लागतात. तपासणी सोपी आहे: डब्यामागची केबलची पिळाची पिन काढा. गुणगुण थांबली तर दोष त्या वायरीतून येतो आहे. तिच्यावर आयसोलेटर बसवता येतो, किंवा आवाजासाठी ऑप्टिकलची वाट धरता येते, मात्र तेव्हा डबी टीव्हीच्या यूएसबीऐवजी वेगळ्या चार्जरवर चालवावी. प्रकाशातून गुणगुण जात नाही. माझ्या मते हाच ऑप्टिकलचा खरा गुण.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट असते. डब्याच्या किंवा टीव्हीच्या धातूच्या कडेला हात लागला की झणझण होते. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांत फिल्टरचे कपॅसिटर बॉडीवर अगदी थोडा करंट सोडतात, त्याची ती झणझण. एवढ्याने माणसाला इजा होत नाही, पण सॉकेटना होऊ शकते. आरसीए पिनेची रचनाच अशी की लावताना आधी मधला खिळा टेकतो आणि मग बाहेरची कडी. त्या क्षणात हा सगळा करंट सिग्नलच्या वाटेने अँप्लिफायरमध्ये शिरतो आणि स्पीकर ‘भप्प’ करतो. म्हणून सगळे स्विच बंद करूनच पिना लावाव्यात. आणि गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. पिन माणसाच्या जिवासाठी आहे.

सोसायटीच्या हॉलमधला प्रकार थोडा निराळा. क्रिकेटचा सामना दाखवायला मोठा टीव्ही येतो आणि जोडायचा असतो गणपतीतल्या भाषणांसाठी घेतलेल्या अहुजाच्या अँप्लिफायरला. हा एकाच वाहिनीचा, मोनो. टीव्हीच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकत्र पिळून त्यात घालू नयेत. दोन्ही तारांत एक-एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडाव्यात. दोन-चार रुपयांत टीव्हीचे आउटपुट सुरक्षित राहते आणि समालोचकाबरोबर प्रेक्षकांचा आरडाओरडाही दोन्ही बाजूंनी नीट मिसळून येतो.

भिंतीतल्या वायरिंगबद्दलही आताच सांगतो, कारण पवईच्या नव्या इमारतींत ही अडचण पहिल्या दिवशीच उभी राहते. टीव्हीमागून खाली जाणारा पीव्हीसी पाइप बहुधा २० किंवा २५ मिलिमीटरचा असतो आणि त्यात केबलची वायर आधीच असते. एचडीएमआयची पिन त्याच्या वळणात अडकते. ऑप्टिकलचे लहान टोक सहज जाते, मात्र ती केबल घट्ट दुमडू नये. साधी लाल-पांढरी लीड विजेच्या वायरीला लागून लांबवर नेली, तर गुणगुण ओढून आणते. इंटिरिअरचे काम चालू असतानाच एक जादा, रिकामा पाइप टाकून घ्यावा.

चित्राकडे वळू. ‘एव्ही इन’ लिहिलेले ते बारीक भोक म्हणजे पिवळा, पांढरा, लाल हे तिन्ही एका पिनेत कोंबलेले. त्या पिनेवर चार कड्या असतात आणि कोणती कडी कशासाठी, याचा सर्व कंपन्यांना बांधील असा क्रमच नाही. म्हणून घरातली हँडीकॅमची जुनी लीड लावली की चित्राऐवजी आवाजाच्या स्पीकरमधून करकर ऐकू येते. अशा वेळी व्हीसीआरमधून येणारी पिवळी पिन लीडच्या लाल, मग पांढऱ्या टोकाला लावून पाहावी. चित्र आले तर क्रमच उलटा होता, लीड ठीक आहे. कशानेच आले नाही तर ग्राउंडची कडी वेगळ्या जागी आहे. मग टीव्हीच्या मॉडेलचीच लीड हवी. ती टीव्हीच्या खोक्यात एका लहान पिशवीत येते आणि थर्माकोलबरोबर कचऱ्यात जाते.

दुसरी खूण काळ्या-पांढऱ्या चित्राची. काही टीव्हींत पिवळ्या पिनेसाठी वेगळी जागा नसते. हिरव्या सॉकेटलाच ती लावायची असते. चित्र आले पण रंग नाहीत, तर टीव्ही त्या सॉकेटला तीन तारांच्या कंपोनंट चित्राचे समजतो आहे. सोर्समध्ये जाऊन ‘एव्ही’ निवडावे. एव्हीचे भोकच नसेल तर बाहेरून ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर लागतो. दुकानात हे नाव नीट उच्चारून सांगावे, कारण ‘एचडीएमआय टू एव्ही’ हा दिसायला तसाच डबा नेमके उलटे काम करतो.

जोडून झाल्यावर बहुतेकांची निराशा होते, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. व्हीसीडीचे एक चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे जेमतेम एक लाख. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक मूळ ठिपक्यामागे टीव्हीला ऐंशीच्या वर ठिपके स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६, ते बरे दिसते. व्हीएचएस मात्र फार मऊ. त्यात भर म्हणजे मूळ चित्र ४:३ आकाराचे आणि टीव्ही ते ओढून १६:९ करतो, म्हणून नवरा-नवरी दोघेही बुटके आणि रुंद दिसतात. पिक्चर साइजमध्ये ४:३ निवडावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ५५ इंची पडद्यावर चित्र ४५ इंचांएवढे उरेल, पण माणसे आपल्या अंगाची दिसतील. शार्पनेस शून्याकडे आणावा. तो वाढवला की फक्त कॅसेटवरच्या मुंग्या ठळक होतात.

आणखी एक बारकावा. व्हीसीआरचा आवाज थेट अँप्लिफायरला आणि चित्र टीव्हीला, अशी जोडणी पूर्वी सर्रास असे. नव्या टीव्हीला जुने चित्र मोठे करायला वेळ लागतो, त्यामुळे आवाज आधी पोचतो. माणसाच्या कानाला आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेलेला कळतो, मागे पडलेला मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपतो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारण मानकात नोंदवले आहे. म्हणून आवाजही आधी टीव्हीत न्यावा आणि तिथून अँप्लिफायरला आणावा.

पवईत न्यू जर्सीहून किंवा दुबईहून परतलेली घरे बरीच आहेत, त्यांचा पेच वेगळा. भारतात चित्राची पद्धत पाल, ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेची एनटीएससी, ५२५ रेषांची, जवळपास ३० चित्रे. तिकडे भरलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये चालत नाही. मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो. नवे टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात, त्यामुळे अडथळा टीव्हीत नसून व्हीसीआरमध्ये असतो. अमेरिकेतला व्हीसीआर आणलाच असेल तर तो ११० व्होल्टचा आहे हे विसरू नये, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावाच. डीव्हीडीचे विभागही वेगळे: अमेरिकेचा १, आखाताचा २, आपला ५.

आता कॅसेटी, आणि इथे घाई करायला हवी. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांहून दमट असते, तलावाकाठच्या इमारतींत बंद कपाटाचा वास सांगतोच. कॅसेट हातात घेऊन तिच्या खिडकीतून उजेडाकडे पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढुरके, कापसासारखे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर चिकटते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब करते. ती आधी साफ करून घ्यावी लागते. चालू व्हीसीआर मिळणेही दिवसेंदिवस कठीण होते आहे, कारण जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आहेत त्या यंत्रांचे रबरी बेल्ट आणि पिंच रोलर चिकट होत चालले आहेत.

घरी करायचे असेल तर यूएसबी कॅप्चरची काडी, व्हीसीआर आणि संगणक एवढे पुरे. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, असेच उतरवावे. मोठे करायचे काम नंतर टीव्हीवर सोडावे. साधारण ३ जीबीत एक तास बसतो. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. उतरवताना पहिल्यांदा कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. मूळ कॅसेट फेकू नये. आणि उतरवलेली फाइल दोन ठिकाणी ठेवावी, एक घराबाहेर. पेन ड्राइव्हमधून ती नव्या टीव्हीवर थेट लागते. तेव्हा आजोबांचा आवाज कॅसेटच्या खरखरीसकट त्या जुन्या लाकडी स्पीकरमधून ऐकावा.

काम झाल्यावर व्हीसीआर, बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, जुना पोटाळ टीव्ही यांची विल्हेवाट लावायची. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुने सामान नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवा टीव्ही विकणाऱ्यालाच जुन्याबद्दल विचारावे. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते. ती रस्त्यात फोडून तांबे काढणारी मुले आपण पाहतो. दोन-तीनशे रुपयांसाठी तो त्यांच्या हाती देऊ नये.

उत्पादकांकडून मला दोनच गोष्टी हव्या आहेत, आणि त्या महाग नाहीत. एव्हीच्या भोकाशेजारी चार कड्यांचा क्रम छापावा आणि ऑप्टिकल सॉकेट काढून टाकू नये. स्वस्तातल्या काही मॉडेलांत ते आताच दिसेनासे झाले आहे. म्हणून दुकानात चकाकता पडदा पाहून झाला की विक्रेत्याला टीव्हीची पाठ दाखवायला सांगा. भिंतीला लावलेला असेल तर मोबाइलवर त्या मॉडेलचे मॅन्युअल उघडायला लावा आणि त्यातले सॉकेटचे चित्र पाहून, घरातल्या अँप्लिफायरच्या मागचा काढून आणलेला फोटो त्याच्या शेजारी धरा.